रहमतभाईची बारा बटणं

कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर सगळ्यात वरच्या ओळीत बारा बटणं असतात. ती कशासाठी असतात हे शंभरातल्या नव्वद लोकांना मरेपर्यंत कळत नाही, आणि न कळल्यामुळे त्यांचं काही अडतही नाही. मला कळलं. त्यात नुसतं माझं नुकसान झालं असतं तर मी तक्रार केली नसती. स्वतःचं नुकसान करून घ्यायची मला सवय आहे, मी लिहितो. पण नुकसान रहमतभाईचं झालं, आणि ते मी केलं, म्हणून हे सांगणं भाग आहे.

रहमतभाई पांढरकवड्याच्या एका जिनात चौतीस वर्षं फिटर होता. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतोय, ज्यांना वाटतं की गादीतली रुई गादीतच उगवते. ज्या यंत्रातून ती रुई निघते त्याला आम्ही रेचा म्हणतो. त्या जिनात चोवीस रेचे होते, आणि कोणत्या रेच्याचं काय दुखतं हे रहमतभाईला बाहेर टपरीवर चहा पिताना नुसत्या आवाजावरून कळायचं. बशी खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "सतरा नंबर रडून राह्यला रे. जा, त्याची सुरी पाह्य." सुरी म्हणजे रेच्याचं पातं. कामगार जाऊन पाहायचे तर ते खरंच सरकलेलं असायचं.

दोन हजार सालच्या पुढची ती वर्षं. आमच्या जिल्ह्यात तेव्हा दोनच पिकं जोरात होती, एक सरकारी पॅकेज आणि दुसरं पाहुणे. दिल्लीचे पाहुणे गाड्यांतून उतरायचे, दुःखाचे फोटो काढायचे आणि जेवायला नागपूरला परत जायचे. जिनातल्या माणसाकडे कॅमेरा कधी वळला नाही. कापसाचं वाटोळं झालं की त्याच्यामागे रेचा थांबतो आणि फिटर घरी बसतो, एवढा साधा हिशेब एकाही पाहुण्याला सुचला नाही.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात रहमतभाईचा आवाज बसला. आधी वाटलं तंबाखू-सुपारीच्या खऱ्यामुळं बसला. मग नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की खऱ्यामुळंच बसला, पण आता उठायचा नाही. घशातली आवाजाची पेटी काढावी लागेल. श्वासासाठी गळ्याला भोक राहील. माणूस जगेल, बोलणार नाही.

जिनाचा मॅनेजर वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण वाईट असता तर मला त्याला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. तो म्हणाला, "चाचा, हाताखालच्या माणसांना सांगणार कोण? बोलल्याबिगर फिटर कसा चालेल? काहीतरी सांगायची सोय करा. काचेच्या केबिनमध्ये बसवतो, रुईचा कण बी येणार नाही. दसऱ्याच्या आधी दाखवा, हंगाम तुमचा."

त्या संध्याकाळी रहमतभाई माझ्या घरी आला. आवाज म्हणजे नुसती खरखर उरली होती.

"धम्मा, तू लिहिनारा हायेस न?"

"हावो."

"मंग माहं लिहून घे. सारं. जोवर निघते तोवर."

आजवर मला कोणी असं म्हटलं नव्हतं. माझं लिखाण बारा संपादकांनी परत पाठवलं होतं, दोघांनी तर पोस्टाचं तिकीटही ठेवून घेतलं. मी बारावी नापास, कापूस खरेदी केंद्रावरचा जुना कारकून, आता तहसीलसमोर लोकांचे अर्ज टाईप करून पोट भरणारा. आणि चौतीस वर्षांचं ज्ञान माझ्या ओट्यावर येऊन बसलं होतं. छाती फुगली. माझी छाती फुगली की कोणाचं ना कोणाचं वाईट होतं, हे सत्यशीला, म्हणजे माझी बायको, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून सांगत आली आहे.

ऑपरेशनला अठरा दिवस होते. दिवसात चौदा तास लाईट नसायची. लाईट आली की रहमतभाई धावत यायचा आणि लाईट जाईपर्यंत बोलायचा. "लिख. रोलर तापला तर पानी नोको टाकू. थांबव. हात लाव. हात ठेवता नाही आला तर घासून राह्यला समज." मी टाईप करायचो. आवाज कसा लिहायचा यावर आमचं भांडण व्हायचं.

"घर्र नोको लिहू, घुर्र लिह्य."

"फरक काय?"

"घर्र म्हंजे तेल पायजे. घुर्र म्हंजे बेअरिंग गेलं. तू मारशील कोनाले तरी."

अठराव्या दिवशी चौदाशे ओळी झाल्या. शेवटच्या दिवशी तो जेमतेम कुजबुजत होता, तरी जाताना म्हणाला, "तेलाच्या जागी लिह्य, तेल टाकल्यावर पाच मिनिटं चहा प्यावा. घाई नोको." मी लिहिलं. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. माणसं शेवटी काहीतरी थोर बोलतात असं पुस्तकात वाचलं होतं. हे त्याहून बरं होतं.

आता प्रश्न असा की रहमतभाई मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेला. अक्षर ओळखायचा, पण एक पान वाचायला त्याला अर्धा तास लागायचा. चौदाशे ओळींतून तो पाहिजे ते काढून कामगारांना दाखवणार कसं? रेचा पेटायचा आणि हा अजून अनुक्रमणिकेत.

माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर मोठे प्रोग्राम चालत नव्हते. एका मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीतला साधा टेक्स्ट एडिटर मी वापरायचो. त्याच्यासोबत पडद्यावरच वाचायचं माहितीचं एक लांबलचक पुस्तक होतं, 'हेल्प' म्हणजे मदत नावाचं, सगळं इंग्रजीत. त्या मदतीत शिरायला एक बटण होतं, बाहेर यायला नव्हतं. सरकारी मदतीचा अनुभव असल्यामुळं मला त्यात नवल वाटलं नाही. डिक्शनरी मांडीवर घेऊन नऊ दिवस मी त्या पुस्तकात हरवलो. मग कळलं की बटणांना आपल्या मनाप्रमाणे काम लावता येतं. पहिलं बटण मी पुढच्या मथळ्यावर उडी मारायला लावलं. दुसरं, होतो तिथं परत यायला. त्या दिवसापासून मी त्या सहाशे पानांत असा फिरायला लागलो की जणू ते पुस्तक मीच लिहिलं. आणि डोक्यात उजेड पडला. जे या पुस्तकाला केलं ते रहमतभाईच्या पुस्तकाला का नाही? बारा दुखणी, बारा बटणं!

करायचं असं की एडिटरला आधी एक चाल शिकवायची, 'चारशे बाराव्या ओळीवर जा', आणि ती चाल एका बटणाला बांधायची. बटण दाबलं की चारशे बारावी ओळ समोर. ओळीचा नंबर ध्यानात ठेवा, वाचकहो. माझा मुडदा तिथंच पडला आहे.

ही बातमी शेजारी बबनरावांना लागली. बबनरावांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती, सात मशिनी आणि भिंतीवर हार घातलेला फोटो, त्यांच्या वडिलांचा नव्हे, पहिल्या मशिनीचा. ते चष्मा कपाळावर चढवून आले.

"धम्मरत्नजी, बटनायले हात लावून राह्यले म्हने तुम्ही?"

"वरच्या बारालाच."

"आज वरच्या बाराले, उद्या खालच्या सव्वीसले. मांडणी सरकारमान्य असते. परीक्षेत असं केलं तर पोरगं नापास होते."

"रहमतभाईला परीक्षा नाही द्यायची."

"मंग कायले द्यायची नाही? सर्टिफिकेट हाये का त्याच्यापाशी फिटरचं?"

नव्हतं. हा खडा बबनरावांनी टाकला आणि तो बरोबर मॅनेजरच्या कानावर जाऊन पडला. मॅनेजर म्हणाला, कागदावर कोणाचा तरी शिक्का असला तर मालकाला दाखवायला बरं. म्हणून मी चौदाशे ओळी छापून एका तांत्रिक शाळेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी पहिलं पान पाहिलं आणि विचारलं, लेखकाची शैक्षणिक पात्रता? मी म्हटलं, चौथी. ते म्हणाले, तुमची नाही, लेखकाची. मी म्हटलं, लेखकाचीच. मग त्यांनी विचारलं, 'घुर्र' ही संज्ञा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? तिथं मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. शिक्का मिळाला नाही, कागद मात्र त्यांनी ठेवून घेतले, 'अभ्यासासाठी'.

इकडे रहमतभाई नागपूरहून परत आला. गळ्यावर पांढरी पट्टी, अंगावरचं मांस अर्धं, डोळे तेवढे जुने. बोलायला तोंड उघडायचा आणि मग आठवायचं. त्याची बायको, बिस्मिल्लाभाभी, तोंड उघडलं की लगेच विचारायची, "पानी? चाय? दवा?" तो मान हलवायचा. तीन प्रश्नांत माणूस बसत नाही.

कॉम्प्युटर उचलून मी त्याच्याकडे गेलो. सत्यशीलानं अक्कल चालवली. म्हणाली, "त्याईले अक्षर कायले वाचाले लावता? माह्या टिकल्या लावा." तिच्या टिकल्यांचं पाकीट फोडून बारा बटणांवर बारा रंग चिकटवले. कोणतं दुखणं कोणत्या बटणावर, हे रहमतभाईनं ठरवलं. मी पहिल्या बटणावर तेल ठेवलं होतं, कारण ते रोज लागतं. त्यानं मान हलवली, दोन्ही हातांनी ज्वाळा केल्या आणि पहिल्या बटणावर बोट ठेवलं. आगीला पहिला मान. लाल टिकली. पिवळी सरकी फुटण्याला, हिरवी तेलाला. अकरा भरली. बाराव्यावर काय, म्हणून विचारलं तर त्यानं उजवा हात कपाळाला नेला.

"सलाम?"

मान डोलली. मग बशी धरल्यासारखी बोटं.

बाराव्या बटणावर मी टाईप केलं, 'सलाम. चहा झाला का?' तो ते बटण दाबायचा, कॉम्प्युटर माझ्याकडे वळवायचा आणि मी उत्तर द्यायची वाट पाहायचा. मी म्हणायचो, "झाला, रहमतभाई. तुमचा?" तो पुन्हा तेच बटण दाबायचा. हसायचा, आवाज नसलेला, नुसते खांदे हलणारा. आठ दिवसांत डोळे मिटून तो अकराही दुखणी काढायला लागला.

दाखवायचा दिवस उजाडला. सकाळी दोन तास लाईट होती. सगळं तयार होतं. मी शांत बसायला पाहिजे होतं. पण मी ते पुस्तक पुन्हा वरून खालपर्यंत वाचलं आणि मला टोचलं. चौदाशे ओळींत माझं असं एक वाक्य नव्हतं! 'घासून राह्यला समज.' 'हात लाव.' हे काय लेखन झालं? जिनाचा मालक वाचेल, उद्या कोणी छापेल, आणि लेखक म्हणून मी कुठं? पुस्तकाला प्रस्तावना पाहिजे. मी बसलो आणि लिहिली. पहिल्या पानावर, सगळ्यात वर. शेहेचाळीस ओळींची. पाहुण्यांना झोडपलं, पॅकेजला झोडपलं, बारा संपादकांना नाव न घेता झोडपलं. लाईट गेली तेव्हा शेवटचा पूर्णविराम देऊन फाईल सेव्ह केली होती. इतकं सुख मला वर्षभरात झालं नव्हतं.

जिनात केबिनमध्ये कॉम्प्युटर मांडला. मॅनेजर, चार कामगार आणि बोलावणं नसताना आलेले बबनराव. रहमतभाई नवा सदरा घालून बसलेला, हात मांडीवर, लग्नात बसतात तसा.

"चाचा," मॅनेजर म्हणाला, "समजा नऊ नंबरमध्ये सरकी फुटून राहिली आहे."

रहमतभाईनं न बघता पिवळी टिकली दाबली आणि कामगारांकडे तोंड केलं. एकानं पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं, "तेल टाकल्यावर पाच मिनिटं चहा प्यावा. घाई नोको."

कोणीतरी खुदकन हसलं. रहमतभाईला वाटलं, बोट चुकलं. पुन्हा दाबलं. पुन्हा चहा.

"राहू द्या. आग लागली समजा."

लाल टिकली. कामगार वाचायला लागला, "महाराष्ट्रातील साहित्यिकांना कापूस केवळ कानात घालण्यापुरता ठाऊक आहे..."

सगळे हसले. मॅनेजरही हसला, रुमाल तोंडाला लावून. "चाचा, भाषण होईस्तोवर जिन जळून जाईल." बबनराव म्हणाले, "मी सांगतलं होतं. मांडणीले हात लावू नये."

रहमतभाई एकेक टिकली दाबत गेला. वाचता येत नव्हतं नीट, म्हणून तो पडद्याकडे पाहत नव्हता, माणसांच्या तोंडांकडे पाहत होता. बरोबर आलं का हे तिथं शोधत होता. शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लाईटमुळं झालं. व्होल्टेज."

खोटं बोललो. तेव्हा मला कारण ठाऊक नव्हतं हे खरं, पण व्होल्टेज नव्हतं एवढं ठाऊक होतं.

घरी सत्यशीलानं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "सकाळी त्याच्यात काय टाकलं तुम्ही?"

"प्रस्तावना."

"कुठी?"

"वर."

तिनं पोळपाट धुवायला घेतला. शेहेचाळीस ओळी वर घुसल्या, त्यामुळं खालची प्रत्येक ओळ शेहेचाळीस घरं सरकली. बटणं बिचारी सांगितल्या नंबरावर इमानदारीनं जात होती. तिथं आता दुसरंच कोणी राहत होतं.

प्रस्तावना पुसली. आणि ओळीचा नंबरच नको म्हणून बटणांना नवी चाल शिकवली, थेट मथळा शोधायची. आता वर रामायण घाला नाहीतर महाभारत, लाल टिकली आगीवरच जाणार. चार दिवस तपासलं. एकदाही चुकलं नाही. रहमतभाईला खरं कारण सांगितलं. त्यानं बाराव्या बटणावर बोट ठेवलं. चहा झाला का. त्यानं शिवी दिली असती तर मला घरी जाता आलं असतं.

दुसऱ्यांदा त्याला न्यायचं नाही असं मीच ठरवलं. पुन्हा काही चुकलं तर हसं माझं होऊ दे. त्याला ताप होता, तेही निमित्त झालं. पेन ड्राईव्ह खिशात घालून एकटा गेलो.

मॅनेजरच्या कॉम्प्युटरवर सगळं चढवलं. या वेळी त्यानं आगीपासून सुरुवात केली. आग आली. सुरी आली. सरकी, पट्टा, बेअरिंग, घुर्र आणि घर्र, सगळं जिथल्या तिथं. त्यानं बटणं स्वतः दाबून पाहिली. कामगारांना बोलावलं. एका कामगारानं वाचून बारा नंबरचा पट्टा तिथल्या तिथं बसवून दाखवला. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि छाती पुन्हा फुगायला लागली होती.

"वा," मॅनेजर म्हणाला. "हे तर कोणालाही जमेल."

"कोणालाही," मी म्हटलं. देवाशपथ, मी अभिमानानं म्हटलं.

"मग चाचांना कशाला त्रास द्यायचा? तब्येत अशी. डॉक्टरही रुईजवळ जाऊ नको म्हणतात. यंदा तसेही नऊच रेचे चालणार, कापूसच नाही. हे इथंच राहू द्या. त्यांना माझा नमस्कार सांगा. फार मोठं काम करून ठेवलं त्यांनी."

मी बोललो. खूप बोललो. चौतीस वर्षं काढली, माणूस काढला, लाज काढली. मॅनेजर ऐकून घेत होता, मधून मान हलवत होता. मी म्हटलं, माझं परत द्या. त्यानं पेन ड्राईव्ह काढून माझ्या हातावर ठेवला. फाईल त्याच्या पडद्यावर तशीच उघडी होती. तेवढ्यात चहा आला. मी प्यायलो.

रहमतभाईच्या घरी पोचलो तेव्हा तो दारातच खुर्ची टाकून बसला होता. ताप उतरलेला दिसत होता. मला पाहून अर्धा उठला आणि बोटांनी बारा दाखवले. बारा?

"बाराही," मी म्हटलं. "एकही नाही चुकलं."

त्यानं डोळे मिटले. खांदे हलले. माझा हात धरून दोनदा दाबला. त्याला वाटलं काम झालं. मी त्याला पुढचं सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात भाभी आतून आली. हातात त्याचा खाकी ड्युटीचा शर्ट होता. गळ्याच्या आत तिनं मलमलची दुहेरी पट्टी शिवली होती, भोकावर बरोबर पडेल अशी.

"पाहा न धम्माभाऊ, केबिन म्हनलं तरी जिनच ते. रुई उडतेच. याच्यातून हवा जाते, कन नाही जात. मी माह्या तोंडाले बांधून चूल फुंकून पाह्यलं." तिनं पट्टी बोटावर ताणून दाखवली. "दोन अजून शिवते, धुवाले लागतीन. कवापासून बलावलं मॅनेजरनं?"

रहमतभाईनं हनुवटी वर करून गळा पुढं केला. ती त्याच्या मागे गेली आणि पट्टीचे बंद बांधायला लागली, फार घट्ट नाही, फार सैल नाही, मधेच थांबून त्याचा श्वास ऐकत.

"सांगा न भाऊ," ती म्हणाली. "सोमवारपासून का?"